डिजिटल बिल्ला : कौशल्याची ओळख आणि नोकरीची वाट

बिल्ला हा शब्द आपल्याला नवा नाही. रेल्वे स्टेशनवरील हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो. आरटीओने दिलेला बिल्ला खाकी शर्टाला लावून रिक्षा चालवणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. शाळेत वर्गप्रमुखाच्या खिशावरही बिल्ला असे. या सर्व बिल्ल्यांचा अर्थ एकच असतो. हा माणूस हे काम करण्यास पात्र आहे आणि तसे कोणीतरी जबाबदारीने सांगितले आहे. हमालाच्या डोक्यावर आपली पेटी ठेवताना प्रवासी त्याला त्याचे गाव वा घराणे विचारत नाही. बिल्ल्यावरचा क्रमांक त्याला पुरेसा होतो.

हाच बिल्ला आता संगणकावर व मोबाईलवर आला आहे. त्याला डिजिटल बॅज किंवा डिजिटल बिल्ला म्हणतात. आपल्या मुलामुलींना अनेक ठिकाणी तो देऊ केला जातो. काही ठिकाणी तो मोफत असतो, तर काही ठिकाणी त्यासाठी पैसे घेतले जातात. तो खरोखर उपयोगी आहे की नुसते रंगीत चित्र आहे, हे ओळखता यावे आणि नोकरी मिळवताना त्याचा उपयोग कसा करावा हे कळावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

दोन अनुभव

विषयात शिरण्यापूर्वी माझ्या परिचयातील दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण एका तरुणाचे. दहावीनंतर शिक्षण सुटले. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्याने नऊ वर्षे काढली. जळालेली मोटार नुसती हुंगून कोणते वेष्टन गेले आहे हे तो सांगतो. एका कारखान्यात देखभाल विभागात जागा निघाली म्हणून तो गेला. फाटकावरच विचारणा झाली, "कागद काय आहे?" कागद काहीच नव्हता. दुकानमालकाने कधी पगाराची पावतीसुद्धा दिलेली नव्हती. त्याला आत जाऊन आपला हात दाखवण्याची संधी मिळालीच नाही.

दुसरे उदाहरण एका मुलीचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिने एका खाजगी क्लासला साडेचार हजार रुपये भरले. ते पैसे तिच्या आईने भिशीतून उचलले होते. दीड महिन्यानंतर तिला संगणकीय लेखापालनाचा सुंदर डिजिटल बिल्ला मिळाला. परीक्षा झालीच नाही, हजेरी मात्र झाली. वर्षभराने मुलाखतीत त्या बिल्ल्याची लिंक उघडण्यास सांगितले तेव्हा पान उघडेना. क्लास बंद झाला होता आणि त्याबरोबर बिल्लाही गेला होता. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला एक जमाखर्चाची नोंद करायला सांगितली. तीही तिला जमली नाही. घरी आल्यावर तिने आईला एवढेच सांगितले की, जागा भरली गेली.

एकाकडे कसब होते पण दाखला नव्हता, दुसरीकडे दाखला होता पण कसब दिले गेले नव्हते. डिजिटल बिल्ल्याच्या गुणदोषांची चर्चा या दोन उदाहरणांच्या आधारे केली तर ती समजण्यास सोपी जाईल.

कल्पना जुनी, साधन नवे

एकेका कौशल्यासाठी वेगळा बिल्ला देण्याची पद्धत स्काऊट चळवळीने रूढ केली. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी मुलांचे शिबिर घेतले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. प्रथमोपचार, स्वयंपाक, पोहणे अशा विषयांत ठरावीक कसोटी पार केली की स्काऊटला त्या विषयाचा बिल्ला मिळतो आणि तो बाहीवर शिवला जातो. आपल्याकडे १९५० साली भारत स्काऊट आणि गाईड ही संघटना स्थापन झाली. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत तिचा गणवेश घातलेला आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, बिल्ला वर्गातील क्रमांकावर मिळत नाही. कसोटी पार करील त्या प्रत्येकास तो मिळतो.

हीच कल्पना मोझिला या संस्थेने अमेरिकेतील मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने २०११ साली संगणकाच्या क्षेत्रात आणली. २०१३ साली 'ओपन बॅजेस' या नावाने तिचे पहिले प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. २०१७ पासून या प्रमाणाची जबाबदारी आयएमएस ग्लोबल या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेकडे गेली. २०२२ साली या संस्थेने 'वन एडटेक' असे नाव घेतले. २०२४ साली या प्रमाणाची तिसरी आवृत्ती आली. आयबीएम कंपनीने २०१५ मध्ये आपली बिल्ला योजना सुरू केली आणि त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्या या मार्गाने गेल्या. युरोपीय संघाच्या परिषदेनेही जून २०२२ मध्ये अशा लहान पात्रतांबाबत सदस्य देशांना शिफारस केली. तेव्हा हा केवळ क्लासवाल्यांचा धंदा नाही, त्यामागे विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था आहे. मात्र त्या व्यवस्थेचे नाव घेऊन कोणी काहीही विकू शकतो, हेही तितकेच खरे.

बिल्ल्याच्या आत काय असते?

डिजिटल बिल्ला वरून पाहता एक लहान चित्र असते. परंतु खरी किंमत त्या चित्राची नसून त्यात गुंफलेल्या माहितीची असते. ओपन बॅजेस प्रमाणानुसार केलेल्या बिल्ल्यात साधारणपणे पुढील गोष्टी असतात :

१) बिल्ला देणाऱ्या संस्थेचे नाव व तिचा पत्ता.
२) बिल्ला कोणाला दिला याची खूण. पुष्कळदा ही खूण म्हणजे त्या व्यक्तीचा ई-मेल पत्ता सांकेतिक रूपात असतो.
३) बिल्ला कशासाठी दिला, म्हणजेच निकष.
४) निकष पूर्ण केल्याचा पुरावा, उदाहरणार्थ केलेले काम, प्रकल्प किंवा चित्रफीत. हा पुरावा सर्वच बिल्ल्यांत असतो असे नाही.
५) दिल्याची तारीख, आणि मुदत असल्यास ती संपण्याची तारीख.

बँकेत काउंटरवर धनादेश आला की आम्ही त्याच्या रंगाकडे पाहत नाही. खाते कोणाचे, सही जुळते का, तारीख उलटून गेली आहे का, खात्यात शिल्लक आहे का, हे पाहतो. बिल्ल्याचेही तसेच आहे. निकष आणि पुरावा ही त्याची शिल्लक होय. देणारी संस्था ही त्यावरची सही होय. शिल्लक नसलेला धनादेश कितीही छान छापलेला असला तरी परत जातो.

पडताळणी दोन प्रकारे होते. एका प्रकारात बिल्ल्याची माहिती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते आणि नोकरी देणारा लिंक उघडून ती पाहतो. दुसऱ्या प्रकारात बिल्ल्यावर सांकेतिक डिजिटल सही असते. आतल्या मजकुरात कोणी फेरफार केला तर ती सही जुळत नाही. पहिल्या प्रकारात संस्था बंद पडली आणि तिने माहिती दुसरीकडे सोपवली नाही, तर बिल्ला निराधार होतो. वरील मुलीच्या बाबतीत हेच घडले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिल्ल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट म्हणजे बिल्ला नव्हे. त्याची पडताळणी होऊ शकत नाही.

पदवी असताना बिल्ला कशाला?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर असे की, बिल्ला हा पदवीला पर्याय नाही. पदवी मोठी गोष्ट सांगते, बिल्ला लहान पण नेमकी गोष्ट सांगतो. "बी.कॉम. द्वितीय श्रेणी" एवढ्यावरून त्या मुलाला वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरता येते की नाही हे कळत नाही. "पन्नास व्यवहारांच्या नोंदी करून तेरीज जुळवली आणि कराचे विवरणपत्र तयार केले" असा निकष असलेला बिल्ला तेवढेच सांगतो, पण स्पष्ट सांगतो. दुकानदाराला, कंत्राटदाराला किंवा लहान कारखानदाराला पुष्कळदा हेच हवे असते.

दुसरा फायदा असा की, शिक्षण तुकड्यातुकड्याने घेता येते. घरची जबाबदारी, शेतीची कामे, बाळंतपण, आजारपण यांमुळे ज्यांचे शिक्षण मध्येच तुटते, त्यांच्या पदरात तीन वर्षांच्या पदवीपैकी दोन वर्षे झाली तरी काही पडत नसे. लहान लहान पायऱ्यांची नोंद झाली तर केलेले वाया जात नाही.

तिसरा फायदा सामाजिक आहे. एके काळी कोणी कोणते काम करावे हे जन्मावरून ठरत असे. त्या व्यवस्थेत कष्टकऱ्याच्या हातात कसब होते, पण त्या कसबाची कोठे नोंद नव्हती आणि त्याला मानही नव्हता. कसोटी घेऊन दिलेला बिल्ला जन्म विचारत नाही. अर्थात, ती कसोटी प्रामाणिक असली पाहिजे.

आपल्या देशातील व्यवस्था

भारतात या विषयाशी संबंधित काही सरकारी व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. त्यांची माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला असली पाहिजे.

डिजिलॉकर : ही योजना १ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, वाहन परवाना इत्यादी कागद येथे ठेवता येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार डिजिलॉकरमध्ये संबंधित कार्यालयाने थेट दिलेले दस्तऐवज मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात. येथे एक फरक महत्त्वाचा आहे. मंडळाने किंवा विद्यापीठाने स्वतः पाठवलेला दस्तऐवज वेगळा आणि आपण स्कॅन करून चढवलेला कागद वेगळा. दुसऱ्याला हा दर्जा नाही. पुष्कळ मुले आपली झेरॉक्स चढवतात आणि काम झाले असे समजतात.

ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स : २०२१ साली सुरू झालेली ही विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची बँक आहे. आपल्या बचत खात्यात पैसे जमा होतात तसे येथे अभ्यासक्रमाचे श्रेयांक जमा होतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे शिक्षण आणि एका वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, असा हिशेब धरला आहे. पुस्तकी शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि कामाचा अनुभव या तिन्हींना एकाच मापाने मोजण्याचा त्यामागे उद्देश आहे.

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा : डिसेंबर २०१३ मध्ये तो अधिसूचित झाला. सुरुवातीस त्यात दहा स्तर होते. २०२३ मध्ये त्याची फेररचना होऊन ते आठ झाले. एखाद्या सरकारमान्य कौशल्य प्रमाणपत्रावर स्तर लिहिलेला असतो, तो याच आराखड्यातील.

पूर्वशिक्षणाची मान्यता : हिला आरपीएल असे म्हणतात. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा हा एक भाग होता. जो काम करता करता शिकला आहे त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवायचे नाही, त्याची परीक्षा घेऊन आहे त्या कौशल्याचा दाखला द्यायचा, हे तिचे सूत्र आहे. गवंडी, वायरमन, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, रुग्णसेवेतील मदतनीस यांच्यासाठी हे सूत्र फार मोलाचे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही अठरा प्रकारच्या कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्र देण्याची तरतूद केली गेली.

स्किल इंडिया डिजिटल हब : सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर कौशल्याच्या दाखल्यांना क्यूआर कोडची जोड दिली आहे. मोबाईलवर कोड वाचून दाखल्याची खातरजमा करता येते.

वर सांगितलेला मोटार रिवाइंडिंग करणारा तरुण अशाच एका मूल्यमापनास बसला. परीक्षकासमोर त्याने काम करून दाखवले आणि त्याला प्रमाणपत्र मिळाले. पुढच्या कारखान्यात त्याने ते दाखवले. त्या कागदाने त्याला नोकरी दिली, असे मी म्हणणार नाही. त्या कागदामुळे त्याला फाटकाच्या आत घेतले आणि एक बिघडलेली मोटार पुढ्यात ठेवली. नोकरी त्याच्या हातांनी मिळवली. दाखल्याचे काम एवढेच असते, परंतु ते "एवढेच" नसल्यामुळे किती आयुष्ये फाटकाबाहेर राहिली, हे आपल्या वस्त्यांतून राहणाऱ्यांना सांगायला नको.

मर्यादा

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिली मर्यादा म्हणजे बिल्ल्यांचा सुळसुळाट. अमेरिकेत क्रेडेन्शियल इंजिन या संस्थेने २०२२ साली केलेल्या मोजणीत पदव्या, प्रमाणपत्रे व बिल्ले मिळून दहा लाखांहून अधिक प्रकार आढळले. त्यांतील चार लाखांहून अधिक डिजिटल बिल्लेच होते. इतक्या गर्दीत नोकरी देणाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा?

दुसरी मर्यादा सरकारी नोकरीची. तेथे जाहिरातीत लिहिलेली अर्हताच लागते. एमएस-सीआयटी किंवा शासकीय टंकलेखन परीक्षेचे प्रमाणपत्र मागितले असेल तर त्याऐवजी दुसरा कोणताही बिल्ला चालत नाही. या बाबतीत भ्रमात राहू नये.

तिसरी मर्यादा मान्यतेची. दाखल्याला मोल येते ते दोन्ही बाजूंनी मानल्यामुळे. आमच्या बँकिंग क्षेत्रात जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा आहेत. १९२८ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स त्या घेते. त्या उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ मिळते, कारण बँका व कर्मचारी संघटना यांच्या करारात तसे ठरले आहे. करारात नसते तर तेच प्रमाणपत्र भिंतीवर राहिले असते. म्हणून बिल्ला घेण्यापूर्वी आपल्या भागातील कारखाने, दवाखाने, दुकाने यांना तो ठाऊक आहे का, हे जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी सूचना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, बिल्ला घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) प्रथम निकष वाचा. "अभ्यासक्रम पूर्ण केला" किंवा "उपस्थित राहिला" एवढाच निकष असेल तर तो बिल्ला हजेरीचा आहे, कौशल्याचा नाही.

२) परीक्षा कोण घेते ते पाहा. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि फी घेणारा एकच असेल तर अधिक चौकशी करा.

३) मोफत मिळते ते आधी घ्या. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी आणि आयबीएम स्किल्सबिल्ड यांनी अनेक प्राथमिक अभ्यासक्रम व त्यांचे बिल्ले विनामूल्य उपलब्ध केले आहेत. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या स्वयम या व्यासपीठावर शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार स्वयमवरील श्रेयांक पदवीच्या सत्रात ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात. आपल्या महाविद्यालयात याची चौकशी करा. यांतील पुष्कळ शिक्षण इंग्रजीत आहे. त्याला घाबरू नका. दोघातिघांनी मिळून एका मोबाईलवर शिकले तरी चालते.

४) स्वतःचा ई-मेल पत्ता ठेवा. सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड विसरलेला किंवा मामाच्या मोबाईल क्रमांकाशी जोडलेला ई-मेल वापरू नका. बिल्ला त्या पत्त्याशी बांधलेला असतो. पत्ता गेला की बिल्ला सिद्ध करणे अवघड होते. महाविद्यालयाने दिलेला ई-मेलही शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो.

५) नावाचे स्पेलिंग सर्वत्र सारखे ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि बिल्ल्यावर तिसरे असे असल्याने अडलेली माणसे मी काउंटरवर नेहमी पाहतो. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. बदल करायचाच असेल तर राजपत्राची प्रत व जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत.

६) अर्जात नुसता बिल्ला चिकटवू नका. त्याखाली एक वाक्य लिहा : मला काय करता येते आणि मी ते कोठे केले आहे. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतील.

७) बिल्ला देतो असे सांगून कोणी ओटीपी मागितला तर तो देऊ नका. कोणत्याही शिक्षणासाठी बँकेचा ओटीपी सांगावा लागत नाही.

८) मिळालेले बिल्ले उतरवून घेऊन दोन ठिकाणी ठेवा, आणि ज्या कामासाठी बिल्ला मिळाला त्या कामाचा नमुनाही जपा. बिल्ल्याची लिंक बंद पडली तरी काम दाखवता येते.

संस्था काय करू शकतात?

आपल्यासारख्या कल्याणकारी संस्थांमध्ये संगणक वर्ग, शिवण वर्ग, अभ्यासिका, ग्रंथालय असे उपक्रम चालतात. त्यांत शिकणाऱ्यांना संस्थेने बिल्ला देणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. मूडल या मोफत शैक्षणिक प्रणालीत २०१३ पासून बिल्ले देण्याची सोय आहे. ते सांभाळण्यासाठी एखादा जाणकार कार्यकर्ता मात्र लागतो. परंतु तंत्रापेक्षा शिस्त महत्त्वाची. त्यासाठी मी तीन गोष्टी सुचवतो.

एक, निकष थोडे व स्पष्ट असावेत. "शिवणकामाचे ज्ञान" असे न लिहिता "दिलेल्या मापावरून ब्लाउज कापून, शिवून, अस्तरासह पूर्ण केला" असे लिहावे. दोन, परीक्षक बाहेरचा असावा. गावातील अनुभवी शिंपी, निवृत्त लेखापाल, एखाद्या कारखान्यातील फोरमन यांना वर्षातून दोनदा बोलावता येईल. त्यामुळे बिल्ल्यावर विश्वास बसेल आणि त्याच माणसाला उद्या कामगार हवा असेल तेव्हा त्याला आपली मुले आठवतील. तीन, जो उत्तीर्ण होत नाही त्याला बिल्ला देऊ नये. हे सर्वांत अवघड आहे. आपलाच मुलगा, आपल्याच वस्तीतील मुलगी, म्हणून मन द्रवते. परंतु एक पोकळ बिल्ला दिला की बाकीच्या पन्नास खऱ्या बिल्ल्यांची किंमत उतरते. नापास झालेल्याला पुन्हा शिकवावे, पुन्हा परीक्षा घ्यावी आणि फी पुन्हा घेऊ नये. आपुलकी दाखवायची ती अशी दाखवावी.

सारांश

डिजिटल बिल्ला हे एक साधन आहे. तो पदवीची जागा घेत नाही आणि नोकरीची हमी देत नाही. निकष खरा, कसोटी प्रामाणिक आणि पडताळणी शक्य असेल, तर तो अनोळखी माणसासमोर आपल्या वतीने बोलतो. यांपैकी एक जरी नसेल, तर ते केवळ चित्र होय.

साडेचार हजार रुपये गमावलेल्या त्या मुलीने गेल्या वर्षी एका किराणा घाऊक व्यापाऱ्याकडे सहा महिने अल्प मोबदल्यात जमाखर्च लिहिला आणि काम शिकून घेतले. तिच्याकडे अजून नवा बिल्ला नाही. पण आता निकष वाचल्यावर आपण त्यात बसतो की नाही हे तिला स्वतःला कळते. पुढच्या परीक्षेचा अर्ज तिने भरला आहे, आणि या वेळी फी भरण्यापूर्वी तिने चार ठिकाणी चौकशी केली. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पैसे मोजण्यापूर्वी एवढे जरी केले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.